डेलिबरेटली, म्हणजे मुद्दाम

तर झालं असं, की 2007 साली मला नोकरीतला पहिला मेमो मिळाला. एलडीसी म्हणून लागून तीनेक वर्षं झाली होती. निवृत्त होणाऱ्या एका शिपायाच्या पेन्शनची फाईल माझ्या टेबलावर अकरा दिवस पडून राहिली. कारण साधंच होतं. सर्व्हिस बुकात एका वर्षाच्या इन्क्रिमेंटची नोंद नव्हती. ती शोधण्यासाठी मी दुसऱ्या सेक्शनला कागद पाठवला होता आणि तिकडून तो काही परत येत नव्हता. पण हे सगळं फाईलवर लिहून ठेवायला हवं होतं, ते मी लिहिलं नव्हतं. चूक माझीच. तीन दिवसांत खुलासा द्या, असा मेमो आला.

खुलासा अर्थातच इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतले, एबीसीडी पाचवीत शिकलेले. पुढे बीएला मराठी वाङ्मय. रात्री जागून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी एक पानभर खुलासा लिहिला आणि शेवटी माझ्या मते अगदी सणसणीत वाक्य घातलं : 'आय डिड नॉट फॉरवर्ड द फाइल डेलिबरेटली.' मनातलं मराठी वाक्य असं होतं, की फाईल पाठवली गेली नाही खरी, पण ते मी मुद्दाम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुलासा परत आला. त्या वाक्याखाली साहेबांची लाल रेघ आणि समासात एकच शब्द : 'अ‍ॅडमिट्स.' म्हणजे, कबूल करतो!

आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आलेले, बोलायला फटकळ, पण मनाने फार चांगले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अरे, तुवें हें कितें बरयलां? म्हणजे तुवें मुद्दाम फायल धाडूंक ना?" मी म्हटलं, "तसं नाही हो, मुद्दाम नाही म्हणूनच तर लिहिलंय." ते हसले. मग एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर त्यांनी एकाखाली एक तीन वाक्यं लिहिली. पहिलं, 'आय डेलिबरेटली डिड नॉट फॉरवर्ड द फाइल' : हा सरळ गुन्हा कबूल. दुसरं, 'आय डिड नॉट डेलिबरेटली विथहोल्ड द फाइल' : हा इन्कार. तिसरं माझं, 'आय डिड नॉट फॉरवर्ड द फाइल डेलिबरेटली' : हे लोंबकळतंय, वाचणाऱ्याची मर्जी असेल तिकडे झुकेल. "आणि साहेबाची मर्जी आज कुठे आहे ते तुला दिसतंच आहे," असं म्हणून त्यांनी चौथं वाक्य स्वतः घातलं, 'द डिले वॉज नॉट डेलिबरेट.' त्यात क्रियाविशेषण नाहीच. शेपटी कापली, भांडण मिटलं.

सक्त ताकीद मिळाली. ती माझ्या पर्सनल फाईलमध्ये अजूनही आहे. त्या शिपायाला मात्र पहिली पेन्शन एक महिना उशिरा मिळाली. नंतर एकदा तो मला म्हापशाच्या बाजारात भेटला, काहीच बोलला नाही.

त्या लिफाफ्यापासून मला इंग्रजीतल्या रीतिवाचक क्रियाविशेषणाचा नाद लागला. रीतिवाचक म्हणजे क्रिया 'कशी' झाली ते सांगणारं : हळू, पटकन, नीट, मुद्दाम, चोरून, आनंदाने. शाळेत आपल्याला याबद्दल एकच गोष्ट सांगतात. विशेषणाला 'ली' लावा, झालं क्रियाविशेषण. क्विक, क्विकली. स्लो, स्लोली. दहा शब्द फळ्यावर, दहा वहीत, धडा संपला. तो शब्द वाक्यात कुठे बसवायचा हे कोणी सांगत नाही. आणि आपल्या चुका होतात त्या 'ली' विसरल्यामुळे कमी, जागा चुकल्यामुळे जास्त.

माझं मत थोडं उलटं आहे, आणि ते स्पोकन इंग्लिशचे क्लास चालवणाऱ्यांना आवडणार नाही. त्यांचा एक ठरलेला मंत्र असतो : इंग्रजीत बोलायचं तर इंग्रजीतच विचार करा, मराठी डोक्यातून काढून टाका. मी म्हणतो, काढू नका. मराठी नीट बघा. आपण इंग्रजीत क्रियाविशेषण चुकवतो तेव्हा अडाणीपणाने चुकवत नाही, मराठीच्या अगदी काटेकोर नियमाने चुकवतो. तो नियम ओळखता आला, की चूक कुठे होणार हे आधीच कळतं.

'तिने पत्र काळजीपूर्वक वाचलं' हे वाक्य घ्या. कर्ता, कर्म, क्रियाविशेषण, क्रियापद. क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटून उभं आहे, आणि कर्म त्याच्या पलीकडे. आपला मुलगा याचं इंग्रजी करताना काय करतो? क्रियापद शेवटून उचलून पुढे आणायचं एवढं त्याला शिकवलेलं असतं. ते तो आणतो आणि त्याच्याबरोबर त्याला चिकटलेलं क्रियाविशेषणही ओढून आणतो : 'शी रेड केअरफुली द लेटर.' आरशात धरल्यासारखं वाक्य उलटं केलं, बिचाऱ्याचं काय चुकलं? चुकलं एवढंच, की इंग्रजी हा मराठीचा आरसा नाही. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांचं लग्न लागलेलं असतं, मध्ये कोणी शिरलेलं त्यांना खपत नाही. क्रियाविशेषणाने एक तर क्रियापदाच्या आधी यावं, 'शी केअरफुली रेड द लेटर', नाहीतर कर्माच्या मागे जाऊन उभं राहावं, 'शी रेड द लेटर केअरफुली.' मधली जागा बंद.

(बंद म्हणजे अगदीच बंद नाही. कर्म फारच लांबलचक असेल तर इंग्रजीही नमतं घेते. 'ही एग्झामिन्ड केअरफुली ऑल द डॉक्युमेंट्स विच हॅड बीन सबमिटेड बाय द अ‍ॅप्लिकंट' हे वाक्य चालतं, कारण 'केअरफुली' शेवटी टाकलं तर तिथे पोहोचेपर्यंत वाचणारा विसरून जाईल की कशाबद्दल बोलणं चाललंय. शिवाय ते 'सबमिटेड'लाच जाऊन चिकटेल, म्हणजे अर्जदाराने कागद काळजीपूर्वक सादर केले असा अर्थ व्हायचा! सरकारी कागदांत लांब कर्मांना तोटा नाही, म्हणून ही सवलत माहीत असलेली बरी.)

आमच्या गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. माझे आजोबा पोर्तुगीज 'सेगुंद ग्राव'पर्यंत शिकलेले. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज कागदपत्रांवर आयुष्य काढलेल्या त्यांच्या पिढीला पोटासाठी इंग्रजी शिकावी लागली. आजोबा कोणाची स्तुती करताना म्हणत, "ही स्पीक्स वेल इंग्लिश." आम्ही पोरं मागे हसायचो. फार नंतर मला कळलं, की पोर्तुगीजमध्ये 'एलि फाला बैं इंग्लेश' हेच वाक्य शुद्ध आहे, क्रियापदानंतर लगेच 'बैं', म्हणजे चांगलं, आणि मग कर्म. म्हणजे आजोबांना घरची कोकणी, वाचनाची मराठी आणि शाळेतली पोर्तुगीज अशा तिन्ही भाषा त्याच एका जागी बोट दाखवत होत्या. तिघींचं एकमत झाल्यावर चौथीचं कोण ऐकणार? आजोबा हयात असते तर माफी मागितली असती.

दुसरी भानगड 'गुड' आणि 'वेल'ची. तिथेही दोष मराठीच्या श्रीमंतीचा आहे. 'तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते मूल चांगलं गातं.' यातलं 'चांगला' गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतं, पण लिंग-वचन मात्र गाणाऱ्याचं घेतं. शाळेत 'क्रियाविशेषण अव्यय' असं पाठ करून घेतात, अव्यय म्हणजे न बदलणारं. आणि हे तर तिन्ही वेळा बदललं! व्याकरणकारांना हे ठाऊक आहे, त्यांनी विकारी आणि अविकारी असा भेदही केलेला आहे, पण तो वर्गापर्यंत पोहोचत नाही. कोकणीतही तेच, 'तो बरो गायता, ती बरी गायता.' म्हणजे आपल्या डोक्यात माणसाचा गुण आणि कामाचा गुण यांत भिंत नाही. चांगला माणूस चांगला गातो, एकच शब्द. इंग्रजीत भिंत आहे : 'शी इज अ गुड सिंगर', पण 'शी सिंग्ज वेल.' आपण 'शी सिंग्ज गुड' म्हणतो ते या भिंतीच्या अलीकडून.

आणि मग ज्याला हे पक्कं पाठ होतं तो उत्साहात दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. 'द फिश स्मेल्स बॅडली', 'द करी टेस्ट्स वेल'. इथे मात्र विशेषणच हवं. हुमण चांगलं लागतं, म्हणजे हुमण चाखण्याचं काम कुशलतेने करत नाही, ते स्वतः चांगलं आहे. 'टेस्ट', 'स्मेल', 'लुक', 'साउंड', 'फील' ही क्रियापदं अशा वाक्यात 'इज'च्या जागी आलेली असतात. 'इज' घालून बघायचं. 'द करी इज गुड' म्हणता येतं ना, मग 'टेस्ट्स गुड'.

'हार्ड'चं 'हार्डली' झालं की अर्थच उलटतो (खूप काम करतो याचं 'फारसं काम करत नाही' होतं), 'लेट'चं 'लेटली' म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे चुकतात. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉवर्डली' यांना 'ली' आहे, पण ती विशेषणं आहेत. पुढे जाऊ.

'ली'वर मात्र थोडं थांबतो, कारण मला स्वतःला यात फार मौज वाटली. हा 'ली' आला कुठून? जुन्या इंग्रजीत 'लिक' म्हणजे शरीर, देह. आजही इंग्लंडात जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं दार असतं, अंत्ययात्रा आली की शवपेटी तिथे टेकवत, त्याला 'लिचगेट' म्हणतात, ते हेच देहवालं 'लिच'. देहावरून रूप, रूपावरून 'त्यासारखं', आणि घासत घासत 'ली'. म्हणजे 'स्लोली'च्या पोटात 'हळू देहाने' असं काहीतरी आहे. आता पोर्तुगीज बघा. तिथे 'लेंतामेंत', 'रापिदामेंत'. हा 'मेंत' लॅटिनमधल्या 'मन' या अर्थाच्या शब्दाचा. 'हळू मनाने', 'जलद मनाने'. मन हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून आधीचं विशेषणही स्त्रीलिंगी, 'लेंतु' नव्हे, 'लेंता'. मन केव्हाच विसरलं गेलं, पण लिंग राहिलं!

आणि आपण? आपण देहही घेतला नाही, मनही नाही. आपण तृतीया विभक्ती घेतली. 'शांतपणे' यातलं 'पणे' म्हणजे 'पण' या भाववाचक प्रत्ययाची जुनी तृतीया. 'रीत्या' ही संस्कृत 'रीति' शब्दाची तृतीया. 'आनंदाने, घाईने, मुकाट्याने' तर उघडच. 'आंबा सुरीने कापला' आणि 'आंबा घाईने कापला', दोन्हीकडे तोच 'ने'. मराठीच्या लेखी घाई हेसुद्धा एक अवजारच, सुरीसारखं.

याचा व्यवहारातला उपयोग असा, की मराठीत 'ने' दिसला म्हणून इंग्रजीत 'ली' शोधत बसू नये. इंग्रजीलाही अवजारं आवडतात : 'विथ केअर', 'इन अ हरी', 'बाय मिस्टेक', 'आउट ऑफ फिअर'. घाईने म्हणजे 'इन अ हरी', यात काय कमी आहे? आणि मुद्दाम म्हणजे 'ऑन पर्पज'. आपल्याकडे समज असा, की 'ली'वाला शब्द जास्त शिकलेला. ऑफिसात तर फारच. 'ड्यूली फिल्ड', 'ड्यूली साइन्ड', 'ड्यूली अटेस्टेड'. 'ड्यूली' हा शब्द घरी कोणी उच्चारत नाही, पण तो गाळला तर फॉर्म नापास होईल अशी आम्हा कारकुनांची श्रद्धा आहे. 'काइंडली'चंही तसंच. 'प्लीज काइंडली डू द नीडफुल' यात विनंती दोनदा आहे आणि काय करायचं ते एकदाही नाही.

बरं, 'ली' नसलं म्हणजे चुकलंच असंही नाही. चोर्ला घाटात किंवा अनमोडच्या वळणांवर 'गो स्लो' अशी पाटी दिसली की गाडीत एखादे शिक्षक असतातच, ते लगेच सांगतात 'स्लोली हवं'. नको. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता 'ए' लावूनही क्रियाविशेषण होत असे. तो 'ए' झडून गेला आणि विशेषणासारखंच दिसणारं क्रियाविशेषण उरलं. 'फास्ट', 'हार्ड', 'लाउड', 'स्लो' हे त्याच घराण्यातले. पाटी बरोबर आहे. शिक्षकांना मात्र गाडी सवकास चालवायला सांगावी.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मराठीचा खरा खजिना 'पणे'त नाही, 'कन'मध्ये आहे. पटकन, सटकन, धाडकन, टचकन, चटकन, खाडकन, बदकन. आणि जोडशब्दांत : मुळूमुळू, हमसून हमसून, खळखळून, टकमक, लगबगीने, दणदण, रखडत रखडत. यांचं इंग्रजी करायला बसा. डिक्शनरीत शोधून 'शी क्राइड सॉबिंगली' असं लिहिणारे मी पाहिलेत, नव्हे, मी स्वतः लिहिलंय. इंग्रजी वाचणाऱ्याला ते लाकडी लागतं. कारण आपण 'रडणे' हे एकच क्रियापद ठेवतो आणि रंग क्रियाविशेषणात भरतो, तर इंग्रजी रंग क्रियापदातच कालवते. हमसून हमसून रडली, 'शी सॉब्ड'. मुळूमुळू रडली, 'शी व्हिंपर्ड'. पाय आपटत गेला, 'ही स्टॉम्प्ड आउट'. रखडत रखडत आला, 'ही ट्रज्ड इन'. दार धाडकन लावलं, 'शी स्लॅम्ड द डोअर', त्यात 'धाडकन' आलंच. पुन्हा 'लाउडली' जोडलं तर दोनदा धाडकन होतं. इंग्रजी लिहिणारे बरेच जण 'क्रियाविशेषणं कमी वापरा' असा सल्ला देतात तो त्यांच्या भाषेपुरता ठीक आहे. त्यांच्याकडे क्रियापदांचं कोठार भरलेलं आहे. तोच सल्ला आपले काही लोक मराठी लेखनालाही देतात तेव्हा मला राग येतो. मराठीतून 'टचकन' काढलं तर डोळ्यांत पाणी यायचं कसं?

आणि आमचा 'सुशेगाद'! पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून आलेला, पण आता अस्सल गोव्याचा. पर्यटनवाल्यांनी त्याला आळसाचं नाम करून टी-शर्टांवर छापला. घरात तो क्रियाविशेषण म्हणून वावरतो. 'सुशेगाद बस', 'सुशेगाद जेव'. याला 'पीसफुली' म्हणा, 'लेझरली' म्हणा, काही जुळत नाही. इंग्रजीत सांगायचं तर 'टेक युअर टाइम' असं अख्खं वाक्यच करावं लागतं.

जागेचा प्रश्न राहिला होता, त्याकडे परत येतो, कारण खरा धोका तिथे आहे. 'ही आन्सर्ड द क्वेश्चन फुलिशली' म्हणजे उत्तर वेडगळ होतं. 'ही फुलिशली आन्सर्ड द क्वेश्चन' म्हणजे बहुतेक वेळा असं, की उत्तर दिलं हाच वेडेपणा, गप्प बसायला हवं होतं. शब्द तेच, एक पाऊल इकडे-तिकडे. 'ही फेल्ड टु एक्स्प्लेन क्लिअरली' आणि 'ही क्लिअरली फेल्ड टु एक्स्प्लेन'. पहिल्यात खुलासा आहे पण धूसर, दुसऱ्यात खुलासाच नाही आणि ते उघड आहे. एखाद्याच्या गोपनीय अहवालात यातलं कुठलं वाक्य जातं यावर त्याचं प्रमोशन ठरू शकतं. मराठीत हे काम आपण जागेने करत नाही. 'त्याने वेड्यासारखं उत्तर दिलं' आणि 'वेडा, उत्तर देऊन बसला', अशी वाक्याची ठेवणच बदलतो. किंवा 'काही' नावाचा आपला छोटा शब्द वापरतो. 'मी काही मुद्दाम फाईल ठेवून घेतली नाही' यात 'काही' नकाराला ओढून नेमका 'मुद्दाम'वर आणून सोडतो. माझ्या खुलाशात हा 'काही'च हरवला होता. इंग्रजीत त्याला शब्द नाही, तिथे 'नॉट' स्वतः जाऊन क्रियाविशेषणाच्या पुढ्यात उभा राहतो : 'डिड नॉट डेलिबरेटली'.

हे कारकुनी कीस काढणं वाटत असेल तर कायदा बघा. 1860 च्या भारतीय दंड संहितेत सुरुवातीलाच व्याख्या होत्या, आणि त्यांत चक्क क्रियाविशेषणांच्या व्याख्या होत्या! चोविसाव्या कलमात 'डिसऑनेस्टली', पंचविसाव्यात 'फ्रॉड्युलंटली', एकोणचाळिसाव्यात 'व्हॉलंटरिली'. दुसऱ्याची वस्तू उचलणं म्हणजे आपोआप चोरी नव्हे, ती 'डिसऑनेस्टली' घेण्याचा हेतू हवा, म्हणजे कोणाचा तरी गैरवाजवी फायदा किंवा तोटा व्हावा या इराद्याने. माझी छत्री समजून तुमची उचलली तर मी वेंधळा, चोर नव्हे. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही दुसऱ्या कलमात हे तिन्ही शब्द आपापल्या व्याख्या घेऊन हजर आहेत. क्रिया तीच. गुन्हा ठरतो तो ती 'कशी' केली यावर.

इकडे आपण इंग्रजीत धडपडतोय तोवर 'ली' मागच्या दाराने मराठीत शिरलाय. 'गंभीर जखमी' हे आपलं जुनं, तर बातम्यांत 'गंभीरपणे जखमी'. 'काम पार पडलं' पुरेसं असताना 'काम यशस्वीरीत्या पार पडलं', जणू काही अयशस्वीरीत्याही पार पडतं. आमच्याकडे एका मराठी परिपत्रकात मी 'काळजीपूर्वकपणे' वाचलं. 'पूर्वक' आहेच, वर 'पणे'. दोन टोप्या. मी पेन्सिलने एक टोपी काढली, तर टायपिस्टने मूळ कागदाबरहुकूम ती पुन्हा चढवली.

माझा पुतण्या इंग्रजी माध्यमात आठवीला आहे. त्याचं इंग्रजी फाडफाड (बघा, याचंही इंग्रजी करून). तरी परवा त्याने लिहिलं, 'माय ग्रँडमदर कुक्स very' नव्हे, म्हणजे 'कुक्स व्हेरी टेस्टी'. मी त्याला विचारलं, "आजी कशी रांधते?" तो म्हणाला, "बरी रांधता." म्हटलं, "ह्या 'बरी'ला काय म्हणतात?" त्याला विशेषण, क्रियाविशेषण यांतला कुठलाच शब्द ठाऊक नव्हता. इंग्रजीचे 'अ‍ॅडजेक्टिव्ह' आणि 'अ‍ॅडव्हर्ब' पाठ होते, पण स्वतःच्या तोंडातला 'बरी' त्यांतल्या कुठल्या खणात टाकायचा ते कळेना. मी मराठी शाळेत शिकलो म्हणून माझी इंग्रजी कच्ची, असं मला नातेवाईक अधूनमधून ऐकवतात. असेल. पण मला माझी चूक कुठून येते ते तरी दिसतं. त्याला ती नुसती लाल शाईतून कळते. माध्यमाच्या वादात आपण गोव्यात कितीतरी वर्षं घालवली, तिथे दोन्ही बाजूंनी भाषेच्या प्रेमाबद्दल बोललं गेलं. वर्गात दोन भाषा शेजारी शेजारी मांडून 'बघ, इथे हा शब्द इकडे बसतो आणि तिकडे तिकडे' एवढं दाखवणारा तास मात्र मला कुठल्याच माध्यमात दिसला नाही. तर्खडकर भाषांतर पाठमाला जुनाट म्हणून आपण माळ्यावर टाकली. जुनाट होतीच ती, पण निदान दोन भाषा समोरासमोर तरी उभ्या करत होती.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने एक ड्राफ्ट पुट-अप केला : 'प्लीज व्हेरिफाय प्रॉपरली द डॉक्युमेंट्स.' मी 'प्रॉपरली'भोवती गोल करून बाण शेवटी नेला. तिने विचारलं, "सर, फरक काय पडतो?" मी तिला हे वाक्य आपल्या भाषेत म्हणायला सांगितलं. "कागद नीट तपासा," ती म्हणाली. "आता 'नीट' कुठे आहे?" "तपासाच्या आधी... चिकटून." तिने कागदाकडे पुन्हा बघितलं, माझ्या बाणाकडे बघितलं आणि स्वतःशीच "आं, म्हणून होय!" म्हणत ड्राफ्ट घेऊन गेली.